ताडोब्याच्या पुढच्या रस्त्यावर

ताडोबा पाहून परतणाऱ्या पर्यटकाच्या पिशवीत बहुधा वाघ छापलेली टोपी असते, एखादा टी-शर्ट, फ्रीजवर लावायचं चुंबक. यातलं बहुतेक चंद्रपूर जिल्ह्यात बनलेलं नसतं. ज्या जंगलासाठी माणूस पुण्या-मुंबईहून एवढा प्रवास करून येतो, त्या जंगलातल्या बांबूची, ऐनावर पोसलेल्या कोशाची किंवा इथल्या मातीची एकही वस्तू त्याच्या घरी पोचत नाही. वस्तू बनतात, बनवणारे हातही आहेत. पण त्या कुठे शोधायच्या, हातात घेऊन काय बघायचं आणि पैसे किती द्यायचे, हे पाहुण्याला सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून हे लिहितो आहे. माझं सांगणं असं की या भागात शोभेच्या वस्तूंमागे लागू नका. इथली माणसं रोज वापरतात ती वस्तू घ्या, जिथे बनते त्या दारात जाऊन घ्या, आणि किंमत ठरवताना बनवणाऱ्याच्या दिवसांचा हिशेब करा.

चंद्रपूरहून पूर्वेला मूलकडे जाणारा रस्ता धरायचा. वाटेत चिचपल्ली, मग मूल, मग सावली, पुढे व्याहाड आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. सगळा मिळून साधारण 80 किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्येमध्ये तलाव आणि गावागावांत बुरड, ढिवर, कुंभार, सुतार यांची घरं. मूलहून उत्तरेला वळलं तर सिंदेवाही आणि नागभीड लागतं, तिथून वैनगंगेपलीकडे आरमोरी. कोशाचं कापड हवं असेल त्याने हा फाटा घ्यावा. ताडोब्याचं गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं. सहलीत मंगळवार येत असेल तर तो हॉटेलच्या खोलीत घालवण्यापेक्षा या रस्त्याला देता येतो. रेल्वेने येणाऱ्यांना गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल ही स्थानकं आहेत.

दिवसांची निवडही महत्त्वाची. पावसाळ्यात बांबूला बुरशी धरते आणि कारागीर रोवणीच्या कामाला गेलेला असतो. दिवाळी झाली की या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगावी मंडई (जत्रा) भरते, रात्री नाटकं रंगतात, धान कापणीला येतं. मळणीसाठी सुपं-टोपल्या लागतात, त्यामुळे याच दिवसांत बाजारात ताजा आणि चांगला माल दिसतो. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची मोठी जत्रा असते. या तारखांना येणं जमलं नाही तर आठवडी बाजार आहेच. कोणत्या गावाचा बाजार कोणत्या वारी, हे चहाच्या टपरीवर विचारलं की लगेच कळतं.

बुरडाच्या दारात

इथे बांबूकाम करणाऱ्याला बुरड म्हणतात. त्याच्या अंगणात गेलात की कोयत्याने बांबू फाडण्याचा आवाज येतो आणि कामट्यांचा ढीग दिसतो. सूप, टोपली, परडी, लग्नातला पर्रा, कोंबड्या झाकायची डाली, कुडाला लावायचे ताटवे, धान साठवायची कणगी. शहरातल्या माणसाला कणगी उपयोगाची नाही, पण सूप आहे, परडी आहे, भाकरी ठेवायची लहान टोपली आहे. सूप हे माझ्या मते या भागातलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत दुर्लक्षित कारागिरीचं काम आहे. पाखडताना धान्य पुढे सरकावं आणि कोंडा उडावा, यासाठी त्याचा तळ किती सपाट, मागची भिंत किती उंच आणि तोंड किती रुंद हवं, हे पिढ्यांनी ठरवलेलं आहे. त्यात बदल करायला जागा उरलेली नाही.

हातात घेतल्यावर आधी ते उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी असावी, एखाद्या कोपऱ्यातून उजेड जास्त येत असेल तर तिथून ती आधी सुटणार. मग काठ बघा. सुपाचं आयुष्य काठावर ठरतं: काठाच्या जाड पट्ट्या आतून आणि बाहेरून बसवून घट्ट बांधलेल्या असाव्यात, बोटाने दाबल्यावर हलू नयेत. नंतर पट्टीवरून नख फिरवा. बांबूच्या पाठीकडची, सालीसकट निघालेली पट्टी गुळगुळीत आणि चिवट असते. पोटाकडची पट्टी पांढरट, मऊ आणि तंतू सुटणारी असते. चांगला कारागीर जिथे ताण पडतो तिथे पाठीची पट्टी वापरतो आणि पोटाची भरणीला घालतो. सगळीच वस्तू पोटाच्या पट्टीची असेल तर ती स्वस्त मिळेल, पण वर्षभरात कुसळं निघतील.

शेवटी वस्तू पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. पिठासारखी बारीक भुकटी पडली तर भुंगा लागलेला आहे. बांबूत साखर आणि पिष्ट भरपूर असतं, त्यावर हा किडा जगतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर वस्तू कितीही सुंदर असली तरी घेऊ नका. घरातल्या इतर बांबूलाही ती कीड लागते.

आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बुरड हिरव्या बांबूवर काम करतो. वाळलेला बांबू फाडता येतो, पण त्याची पातळ पट्टी वळत नाही, मोडते. म्हणून ताजी टोपली घट्ट दिसते आणि महिन्याभरात थोडी सैल पडते. हा दोष नाही. नेमकी मापाची वस्तू हवी असेल, झाकण बसवायचं असेल, तर आधीच करून वाळलेली मागा. ‘मागच्या महिन्यातलं आहे का जी?’ असं विचारलं तर कारागिराला बरं वाटतं, कारण विचारणाऱ्याला काम कळतं हे त्याच्या लक्षात येतं.

या भागात दोन बांबू जास्त दिसतात. मानवेल बारीक, भरीव, चिवट. कटांग जाड, पोकळ आणि काटेरी बेटाचा. टोपल्या-सुपांना मानवेल. जंगल एवढं जवळ असूनही हिरवा बांबू वेळेवर आणि परवडेल अशा दरात मिळणं ही बुरडाची जुनी अडचण आहे. इंग्रजांच्या काळापासून बांबूवर वनखात्याचा ताबा राहिला. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011मध्ये तिथल्या ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. देशभर त्याची चर्चा झाली. 2017च्या अखेरीस कायद्यात बदल होऊन वनजमिनीबाहेर लावलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. हे सगळं ग्राहकाला कशासाठी? तर टोपलीची किंमत ऐकून ‘जंगलात फुकट मिळतो की बांबू’ असं कुणी म्हणू नये यासाठी. तो फुकट मिळत नाही. तयार सूप-टोपल्या बिनधास्त न्या, पण अख्खे कापलेले बांबू हौसेने गाडीच्या टपावर बांधून नेऊ नका. त्यांच्या वाहतुकीचे नियम वेगळे आहेत.

चिचपल्लीला राज्य सरकारचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, 2014मध्ये मंजूर झालेलं. तिथे शिकलेल्या तरुणांनी आणि बचत गटांतल्या बायकांनी राख्या, दिवे, पेनस्टँड, बाटल्या, फर्निचर असं नवं काम सुरू केलं आहे. हे काम वेगळ्या नजरेने पारखायला हवं. इथे विचारायचा प्रश्न एकच: बांबूवर प्रक्रिया केली आहे का आणि कशाची? बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेल्या बांबूला भुंगा सहसा लागत नाही. फर्निचर आणि दिव्यांसाठी ती प्रक्रिया हवीच. पण अशा प्रक्रियेचा बांबू भाकरी, फळं किंवा धान्य ठेवायला घेऊ नये. खाण्याच्या वस्तूंसाठी साधी, रंग-वार्निश नसलेली, बुरडाच्या दारातली टोपलीच घ्यावी. चकचकीत वार्निशाखाली भोकं बुजवलेली असू शकतात, हेही लक्षात असू द्या.

घरी आल्यावर सुपाला मेथीचं पीठ आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा एकत्र करून पातळ लेप द्या, फटी बुजतात आणि वीण बांधली जाते. इथल्या बायका शेणाने सारवतात, उद्देश तोच. ओलं झालं तर उन्हात खडखडीत वाळवा. बंद कपाटात ठेवू नका. बांबूला वारा लागतो.

बऱ्याच दुकानांत बांबूच्या वस्तूंवर वारली चित्रं काढलेली दिसतील, कधी ठिपक्या-रेघांची गोंड चित्रंही. वारली चित्रकला पालघर जिल्ह्यातली. जी गोंड चित्रं जगभर पोचली ती मध्य प्रदेशातल्या दिंडोरी भागातली, जनगढसिंह श्याम यांच्या पाटणगढची. इथे गोंड आणि माडिया लोक मोठ्या संख्येने आहेत म्हणून ती इथली, असा समज होतो आणि दुकानदारही तो दूर करत नाही. चित्र आवडलं तर जरूर घ्या, पण गडचिरोलीची कला म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका.

कोसा: ताणा कशाचा, बाणा कशाचा

आपल्याकडे सोवळ्याला कोसा चालतो म्हणून घरोघरी एखादं तरी कोशाचं वस्त्र असायचं. तो कोसा येतो कुठून, हे मात्र पुण्या-मुंबईच्या फार थोड्या घरांना ठाऊक असतं. चंद्रपूर, गडचिरोली आणि भंडाऱ्याच्या जंगलात ढिवर समाजातली माणसं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे टसरच्या, अळ्या चढवतात. तुतीच्या रेशमासारखं हे घरात, ताटांत होत नाही. उघड्या रानात, पावसात, महिना-दीड महिना झाडाखाली राहून कावळे, मुंग्या आणि गांधीलमाश्यांपासून अळ्या राखाव्या लागतात. एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या. त्या दिवसांत ही माणसं खाण्यापिण्याचं आणि सोवळ्याचं कडक बंधन पाळतात. एवढं करूनही पाऊस लांबला किंवा रोग आला तर हाती काही येत नाही. पिकलेला कोष टणक असतो, देठासकट फांदीला लटकलेला. तो सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करतात आणि चारपाच कोषांचे तंतू एकत्र करून सूत काढतात. पूर्वी टसरच्या पट्ट्यात बायका हे सूत उघड्या मांडीवर वळत, कातडी सोलवटून निघायची. आता त्यासाठी लहान यंत्रं आली आहेत. मग सूत जातं कोष्ट्यांच्या मागावर. आरमोरी आणि नागभीड ही त्याची जुनी ठिकाणं. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव.

या कापडाचा रंग मुळातच मधासारखा, करडा किंवा फिकट सोनेरी असतो. तंतू जाडबारीक, त्यामुळे कापडावर हात फिरवल्यावर लहान गाठी लागतात. फार एकसारखं, फार चमकदार आणि निसरडं कापड दिसलं तर शंका घ्या. खात्री करायची जुनी पद्धत म्हणजे काठाजवळचा एक धागा काढून जाळून पाहणं. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ते विझतं आणि राख बोटांत चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी बनतो. विणकर स्वतःच धागा काढून देतो. नाही म्हणाला तर पुढच्या घरी जावं.

पण जाळून पाहिल्याने अर्धंच कळतं. आज बाजारात ‘कोसा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कापडांत ताणा, म्हणजे उभा धागा, बाहेरून आलेल्या रेशमाचा असतो, चीन किंवा कोरियाचा, आणि फक्त बाणा, म्हणजे आडवा धागा, इथल्या टसरचा. दोन्ही रेशीमच, दोन्ही तशीच जळतात. यात फसवणूक असेलच असं नाही. आयात धागा लांब, मजबूत आणि एकसारखा असतो, मागावर तुटत नाही, काम भरभर होतं. पण त्यात ढिवराच्या घरी जाणारा वाटा निम्म्यावर येतो आणि कापडही वेगळं पडतं. म्हणून सरळ विचारा: ‘ताणा कशाचा, बाणा कशाचा?’ दोन्ही इथल्या टसरचं असेल तर किंमत जास्त असणार आणि ती असायलाच हवी. हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. ते वाढलं तरच इथल्या कोषाला मागणी राहील.

पतंग बाहेर पडून गेलेल्या, भोक पडलेल्या कोषांपासून हाताने ओढून काढलेलं सूत म्हणजे घिचा. त्याचं कापड जाड, खरबरीत आणि उबदार होतं. ज्यांना कोष उकळण्याची गोष्ट मानवत नाही त्यांनी घिचाचं कापड मागावं. शालीला आणि जाकिटाला ते छान दिसतं.

भंडारा-नागपूरकडची करवतकाठी साडी या मार्गावरही मिळते. अंग टसरचं, काठ सुताचे आणि त्यांवर करवतीच्या दातांसारखी नक्षी. हातमागावर ती विणताना काठांचे आणि अंगाचे धोटे वेगळे चालतात आणि प्रत्येक फेरीला रंगीत सूत एकमेकांत अडकवलं जातं. म्हणून खऱ्या करवतकाठीचे दात साडीच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसतात. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. साडी उलटून पाहणं एवढंच करायचं. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. दुकानातून घेत असाल तर रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्कची चिठ्ठी बघा. विणकराच्या घरी घेत असाल तर मागावर अर्धं विणलेलं कापड समोर असतं, त्यापुढे चिठ्ठीची गरज पडत नाही.

कोसा पहिल्यांदा रिठ्याच्या पाण्यात, न पिळता धुवा आणि सावलीत वाळवा. डांबराच्या गोळ्या थेट कापडाला लागू देऊ नका. घडी दर काही महिन्यांनी बदला, नाहीतर घडीवरच चिरते.

सावलीची खादी

सावली गावाचं नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आहे ते खादीमुळे. 1936 साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन या गावात भरलं आणि गांधीजी त्या वेळी इथे मुक्कामाला होते. नागपूर किंवा वर्धा सोडून जंगलाच्या तोंडाशी असलेलं हे गाव निवडलं गेलं, कारण इथे आधीपासून कताई-विणाईचं काम चालत होतं. नाग विदर्भ चरखा संघाचं नाव या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. सावलीला थांबलात तर खादीचं दुकान विचारा आणि कापडाबरोबर हेही विचारा की सूत कुठे कातलं आणि कापड कुठे विणलं.

हा प्रश्न आवश्यक आहे, कारण खादी भांडारात ठेवलेलं सगळंच खादी नसतं. 1956च्या खादी आयोगाच्या कायद्यानुसार हाताने कातलेल्या सुताचं, हातमागावर विणलेलं कापड म्हणजे खादी. त्याच दुकानात पॉलिवस्त्रही असतं, त्यात पॉलिस्टर मिसळलेलं असतं. ते टिकाऊ आहे, इस्त्री राहते, अनेकांना सोयीचं वाटतं; घ्यायचं तर समजून घ्या. 2013पासून खऱ्या खादीसाठी खादी मार्क आहे, तो कापडावर किंवा चिठ्ठीवर शोधा. डोळ्यांनीही कळतं: खादी उजेडासमोर धरली की धागे कुठे जाड कुठे बारीक दिसतात. कापड शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा, पहिल्या पाण्यात ते आटतं. सदऱ्याला लागेल त्यापेक्षा थोडं जास्त घ्या.

माती आणि लाकूड

नागपूरहून चंद्रपूरला येताना वाटेत वरोरा आणि भद्रावती लागतात. वरोऱ्याला बाबा आमट्यांचं 1949पासूनचं आनंदवन आहे. तिथे कुष्ठमुक्त आणि अपंग माणसांनी मागावर विणलेल्या चादरी, सतरंज्या, भेटकार्डं विकत मिळतात. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला नवी भट्टी आणि नवे घाट दिले. मातीचं भांडं घेताना ते एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली आणि तडा नाही. भद्भद वाजलं तर ठेवून द्या. गाडीत नेताना तणशीत बांधून द्यायला सांगा, धानाच्या मुलखात तणस कुठेही मिळते आणि कागदापेक्षा ती धक्का चांगला सोसते.

पोळ्याच्या सुमाराला आलात तर सुतारांनी केलेले चाकाचे लाकडी बैल बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान मुलं हे बैल सजवून गावातून ओढत नेतात. विदर्भाबाहेरच्या मुलांना देण्यासारखी याहून चांगली भेट मला माहीत नाही. सागवानी मोठ्या वस्तू, पेटी, पाट, चौरंग घेतलात तर पक्कं बिल घ्या आणि प्रवासात जवळ ठेवा. नाक्यावर विचारलं जाऊ शकतं.

गडचिरोलीच्या पुढे भामरागड, एटापल्लीकडे गेलात तर तिथे वस्तूंइतकेच काही संकेतही जपायचे असतात. माडियांनी मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले लाकडी खांब किंवा दगड विकत मागू नका, त्यांना हातही लावू नका. एखाद्या बाईच्या गळ्यातली मण्यांची माळ ‘मला दे, पैसे देतो’ असं म्हणू नका. बाजारात विकायला मांडलेल्या माळा असतात, त्या घ्या. फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

आणि एक गोष्ट कडकपणे सांगतो. जंगल पट्ट्यात कुणी हळूच वाघनख, दात, सांबराचं किंवा चितळाचं शिंग, साळिंदराचे काटे, कासवाची पाठ दाखवेल. खोटं असेल तर तुम्ही फसाल आणि खरं असेल तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तुम्ही गुन्हेगार ठराल. जिच्यापायी शिकार होते ती मागणी म्हणजे असाच एक खरेदीदार. तिथून उठून यावं.

किती पैसे द्यायचे

शहरातून आलेल्या माणसाला दोन सवयी असतात. एकतर सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करायची, नाहीतर भारावून जाऊन मागतील ते द्यायचं. दोन्ही नकोत. विचारा: बांबू फाडण्यापासून वस्तू पुरी होईपर्यंत किती वेळ जातो? रोजगार हमीत अकुशल कामासाठी महाराष्ट्रात 2025-26 सालचा दर दिवसाला 312 रुपये होता. समजा बुरडाने दिवसाला चार सुपं होतात असं सांगितलं, तर एका सुपाची नुसती मजुरी 78 रुपये होते. यात बांबूची किंमत नाही, जंगलातून किंवा आगारातून तो आणण्याचा दिवस नाही, आणि ज्या कौशल्याला दहा वर्षं लागली त्याचं काहीच नाही. हा आकडा म्हणजे तळ. त्याच्या खाली जाणारी किंमत कुणी सांगितली, आणि गरजेपोटी पुष्कळदा सांगतात, तर ती घासाघीस न करता वाढवून द्यावी. कोशाच्या साडीला हाच हिशेब लावा. ताणा लावायला किती दिवस, विणायला किती, घरातली किती माणसं लागली, हे विणकर आनंदाने सांगतो. तेवढं ऐकल्यावर दुकानातल्या किमतीतून त्याच्या हाती किती पडत असेल याचा अंदाज तुम्हालाच येतो.

दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. मोबाइलने पैसे देण्याची सोय आता खेड्यातही आहे, पण नेटवर्क गेलं की ती थांबते आणि पाचशेची मोड कुणाकडे नसते. गाइड किंवा चालक एखाद्या ठरावीक दुकानात नेण्याचा आग्रह धरत असेल तर त्यात त्याचा हिस्सा असतो. त्याला वेगळी बक्षिशी द्या आणि आपल्या मनाने कारागिराकडे जा. दारात गेल्यावर वयाप्रमाणे काका, मावशी, भाऊ म्हणा, बसायला सांगितलं तर बसा. काम चालू असताना मधेच ‘पटकन दाखवा’ असं म्हटलेलं कुणालाच आवडत नाही.

एकदा घेतलेली वस्तू पसंत पडली तर कारागिराचा फोन नंबर त्याला विचारून लिहून घ्या आणि पुढची खरेदी त्याच्याकडूनच मागवा. पर्यटकाच्या एका फेरीने घर चालत नाही, दर वर्षी येणाऱ्या चार ऑर्डरींनी थोडं चालतं. माप सेंटिमीटरमध्ये लिहून पाठवा, शक्य असेल तर वस्तूचा फोटोही. दिवाळीच्या भेटी हव्या असतील तर पावसाळ्याआधी सांगा. निम्मे पैसे आधी द्या, कारण बांबू आणि सूत त्याला रोखीने आणावं लागतं. पार्सल हाती पडलं की उरलेले पैसे त्याच दिवशी पाठवा.